बड्यांची बैठक आणि येडशीचं स्टेशन

जगातल्या तीन बड्या मुलखांचे मुख्य कुठंतरी समुद्रकाठी एकत्र बसले आणि त्यापायी आमचं घर पाच दिवस येडशीच्या स्टेशनावर जाऊन बसलं. आता हे कुणाला सांगितलं की ऐकणारा हसतो. हसू द्यावं. मीही हसते, पण त्या पाच दिवसांत मला एकदाही हसू आलं नव्हतं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्यातलं जेमतेम वर्षभर नवरा घरात होता. बाकी सगळा काळ लढाईत. हे सोलापूरला जाऊन पलटणीत भरती झाले ते काही घरात खायला कमी होतं म्हणून नव्हे. गावातले दोघं गेले आणि ह्यांना बोट बघायची होती. एवढंच कारण. समुद्र बघायला म्हणून गेलेला माणूस लढाईत सापडला, याचा मला लई राग होता आणि तो काढायला समोर माणूस नव्हता.

आमचं गाव शिवेवरचं. गावाखालून ओढा जायचा. ओढ्याच्या अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं इंग्रजाचं. माझं माहेर पलीकडचं, म्हणून मला मराठी चौथीपर्यंत शाळा मिळाली. अलीकडच्या शाळेत सगळं उर्दूतून चालायचं. त्यामुळं सासरी आल्यावर अख्ख्या गल्लीत छापील मराठी घडाघडा वाचणारी मी एकटीच, आणि त्याचा तोरा मला बऱ्यापैकी होता. सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, मोडी यायची. छापील अक्षर पुढं आलं की ते कागद माझ्याकडं सरकवायचे आणि डोळे मिटून ऐकत बसायचे.

ह्यांची पत्रंही मीच वाचायचे. पलटणीतला कुणीतरी लिहून द्यायचा, त्यामुळं सगळी पत्रं सारखीच. मी खुशाल आहे, आपली खुशाली कळवावी, बैलांकडं लक्ष असावं. बैलांचा उल्लेख न चुकता असायचा, माझा कधीच नसायचा. शेवटी 'घरच्या सर्वांस' असं असे, त्यात मी स्वतःला शोधून घ्यायचे. मग एका दसऱ्यानंतर पत्रं थांबली. दिवाळीच्या मागंपुढं बार्शीच्या टपालातून एक छापील इंग्रजी कार्ड आलं. तिथल्या कारकुनानं वाचून मामंजींना सांगितलं, जखमी आहे, दवाखान्यात आहे. जखम कुठं, किती, काही नाही. त्यानंतर कार्डही आलं नाही आणि पत्रही नाही.

सासूबाई, म्हणजे आत्याबाई, भाकरी थापता थापता मोठ्यानं विचार करायच्या. "पाय गेला असंल तर माळ्यावर बसून पाखरं राखील. हात गेला असंल तर बैलामागं तरी चालंल." रोज नवा अवयव. मी चुलीत काटक्या सारत ऐकत राहायचे. मामंजी म्हणायचे, "जीव हाय न्हवं? मग बास." असं म्हणून ते उठून जायचे, कारण जीव आहे हेही त्यांना त्या कार्डापलीकडं कुणी सांगितलं नव्हतं.

असेच हुरड्याचे दिवस आले. मामंजी गाडी जुंपून बार्शीच्या बाजाराला गेले होते. परत येताना करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे निजामाच्या जकातीच्या चौकीवर, शिपाई पोत्यांत काठी खुपसून बघायचा. पलीकडचं वर्तमानपत्र दिसलं की त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या, म्हणून मामंजी ते बंडीच्या आत पोटाशी धरून आणायचे. माझ्या हातात पेपर यायचा तो कोमट आणि दमट. त्या दिवशीच्या पेपरात पहिल्याच पानावर एक फोटो होता. तीन माणसं शेजारी शेजारी बसलेली, मागं फौजी लोकांची दाटी. मी वाचायला लागले. लढाईतल्या तीन बड्या राष्ट्रांच्या प्रमुखांची भेट झाली, ती आठवडाभर चालली, सर्व बाबतींत एकमत झालं आणि तिघंही आपापल्या देशी परतले.

"शेवटलं परत वाच," मामंजी म्हणाले.

"तिघंही आपापल्या देशी परतले."

"परतले," त्यांनी डोळे उघडले. "म्हंजी मिटलं."

हे 'मिटलं' कुठून आलं ते सांगायला हवं. ओढ्याच्या पाण्यावरून, बांधावरून, चुकार जनावरावरून आमच्या आणि पलीकडच्या गावात तंटा व्हायचाच. राज्यं दोन, कायदे दोन, कचेऱ्या दोन. इकडचा अंमलदार तिकडच्या माणसाला हात लावू शकत नव्हता, त्यामुळं सरकारात जाऊन उपयोग नसायचा. मग दोन्ही गावं शिवेवर बसायची. त्या बैठकीची रीत अशी की आल्या आल्या सगळ्यांनी पायातलं काढायचं आणि एकाच ढिगात टाकायचं. दोन्ही गावांची पायताणं एकमेकांत मिसळून टाकायची आणि जो सगळ्यांत म्हातारा असेल त्यानं त्या ढिगाशेजारी बसायचं. तंटा मिटेपर्यंत कुणाला पायताण मिळायचं नाही. ओढ्याच्या दोन्ही काठांना बाभळी होत्या आणि खाली काट्यांचा सडा, त्यामुळं रागानं उठून जायची सोय नव्हती. पलीकडच्या एका तापट माणसानं एकदा तसं करून बघितलं. वीस पावलांवर तो पाय धरून खाली बसला. त्याचा काटा काढायला आमच्याच गावचा माणूस गेला आणि काटा निघेपर्यंत तंटा निम्मा मिटला होता.

मामंजी या बैठकांचे जुने पंच. मिटल्याशिवाय माणूस घरी जातो, ही गोष्टच त्यांच्या डोक्यात शिरण्यासारखी नव्हती. ते तिघं बसले होते आणि घरी गेले होते, एवढं त्यांना पुरेसं होतं. फोटो डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "बूट पायातच हायेत की ह्यांचे." मग जरा थांबून स्वतःचीच समजूत घातली, "थंड मुलूख असंल. रीत निराळी असंल."

इथं मला माझंही सांगितलं पाहिजे. त्याच पानावर खाली लढाई जोरात चालू असल्याची बातमी होती. ती मी पाहिली होती. मोठ्यानं मात्र वाचली नाही. ही बैठकीच्या आधीची असेल, छापायला उशीर झाला असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि पेपराची घडी घातली. पुढच्या सगळ्या फजितीचा दोष मामंजींवर ढकलायला मला आवडलं असतं, पण त्यातला निम्मा माझा आहे. ते बिचारे ऐकत होते, मी डोळ्यांनी वाचत होते.

शिवेवर तंटा मिटला की दुसऱ्या दिवशी कोंडवाड्यातलं जनावर सुटायचं. त्याच न्यायानं लढाई मिटली की पोरं सुटणार, असं मामंजींनी धरलं. पेपर आधीच शिळा, त्यात बोटीचे दिवस, म्हणजे पोरगं आता येण्यातच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं बैलगाडीत बसून येडशीला निघालो. आत्याबाईंनी दशम्या केल्या, कोवळा हुरडा बांधून घेतला, एक नवं धोतर घेतलं. मी लग्नातलं लुगडं नेसले. आत्याबाईंच्या ते लक्षात आलं.

येडशीला आत्याबाईंची बहीण राहायची. तिच्याकडं उतरायचं आणि बार्शीकडून छोटी आगगाडी यायच्या वेळेला स्टेशनावर जायचं, असं आमचं सुरू झालं. गाडी इतकी हळू यायची की डब्यातल्या माणसांचे चेहरे आधीच ओळखू यावेत. तरी आत्याबाई चेहऱ्याकडं बघायच्याच नाहीत. उतरणाऱ्या प्रत्येकाचे आधी हात बघायच्या, मग पाय. व्यापारी उतरले, एक वऱ्हाड उतरलं, कोंबड्यांचं खुराडं घेऊन एक म्हातारी उतरली. आमचं कुणी उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी रामलिंगाच्या देवळाकडून आलेल्या माकडांनी दशम्यांचं गाठोडं पळवलं. मामंजी त्यांच्यामागं काठी घेऊन धावले आणि मी पहिल्यांदाच त्यांना धावताना बघितलं.

तिसऱ्या दिवशी खाकी कपड्यातला एकजण उतरला आणि आत्याबाई फलाटावर पळत सुटल्या. तो कळंबकडचा कुणी निघाला, रजेवर आलेला. मामंजींनी त्याला लढाई मिटल्याचं सांगितलं. तो त्यांच्याकडं बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "बाबा, कुठली मिटली? लई जोरात चालू हाय तिकडं." तो गेल्यावर मामंजी आम्हाला म्हणाले, "बोटीवर हुता न्हवं, त्याला कुणी सांगितलं नसंल." आणि आम्ही आणखी दोन दिवस थांबलो.

पाचव्या दिवशी त्याच गाडीतून आमच्या गावातले उर्दू शाळेचे मास्तर उतरले. मोठे सज्जन गृहस्थ, मामंजींच्या बैठकीतले. आम्हाला बघून त्यांना नवल वाटलं. "आबा, कुणाला घ्यायला आलात?" मामंजींनी बंडीतून पेपर काढला, फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं. मास्तर कुठंतरी रेडिओ ऐकायचे, त्यांना जगाची खबर असायची. त्यांनी पेपर घडी करून मामंजींच्या हातात परत ठेवला आणि हात तसाच धरून ठेवला.

"आबा, हे तिघं एकाच बाजूचे. आपसात दोस्त हायेत. ज्याच्याशी लढाई हाय तो ह्यांच्यात नव्हताच. त्याला बुलावलंच न्हाय."

गाडी लातूरकडं निघून गेली, फलाट रिकामा झाला. मग मामंजी म्हणाले, "मास्तर, एकाच गावची माणसं बसली तर त्याला आमी बैठक म्हणत न्हाय. त्याला पारावरच्या गप्पा म्हणतो."

मास्तरांना हसू आलं, पण आत्याबाईंनी तोंडाला पदर लावलेला पाहून त्यांनी ते गिळलं. मला मात्र त्या तिघांचा संताप आला. आठवडाभर बसता, फोटो काढता, आणि ज्याच्याशी भांडण त्याला निरोपसुद्धा नाही? माझ्या नवऱ्याचा जीव तुमच्या भांडणात अडकलाय आणि तुम्ही आपसातच गोड बोलून घरी जाता? हे सगळं मी त्या वेळी येडशीच्या फलाटावर उभी राहून मनात बोलले. आज वाचणाऱ्याला ते बालिश वाटेल. मला अजूनही तितकंसं वाटत नाही.

परतताना निम्मी वाट झाल्यावर मामंजींनी बैलांकडं बघतच बोलायला सुरुवात केली. "तरी पर बसले हे खरं. तीन मुलखांचे तिघं. त्यांची बोली एक न्हाय, देव एक न्हाय. एका जागी आठ दिस बसणं सोपं नसतंय, म्या बसलोय, मला ठावं हाय. आज एकाच बाजूचे बसले. बसायची सवय लागली की उद्या दुसऱ्या बाजूलाबी बोलवतील." मला तेव्हा वाटलं, म्हातारा माणूस मनाला समजावतोय. आत्याबाईंनी मात्र त्यांच्या अंगावरचं घोंगडं सारखं केलं.

उन्हाळ्यात तिकडची लढाई संपल्याची बातमी आली. ह्यांची काही खबर नव्हती. पावसाळ्यात पुन्हा तसाच फोटो आला, तीन खुर्च्या, तीन माणसं. मी वाचायला घेतलं, तर मामंजींनी मध्येच थांबवलं.

"हरलेला बोलावलाय का?"

"न्हाय."

"मग चुकतंय. हरलेल्याला आधी बोलवायचं असतं. त्यालाबी त्याच शिवेवर ऱ्हायचं असतंय." थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "आन ज्यांची पोरं लढली त्यांच्यातलं कुणी?"

"कुणी न्हाय, मामंजी."

"मग ऱ्हाऊ दे. पुढलं पान वाच."

त्यानंतर अशा किती भेटींच्या बातम्या मी वाचल्या याला मोजदाद नाही. आता तर टीव्हीवर दिसतात. चाळीस वर्षं एकमेकांवर शस्त्रं रोखून बसलेल्या दोन सगळ्यांत बड्या देशांचे प्रमुख परवा शेकोटीपुढं समोरासमोर बसलेले मी पाहिले आणि मला मामंजींची फार आठवण झाली. या वेळी भांडणारेच बसले होते. माझा भाचा म्हणतो, मावशी, हे सगळं नाटक असतं, खरं काम कारकून आधीच करून ठेवतात, आणि आता फोन असताना विमानं उडवत जायचं कारण काय. नाटक असतं हे मला मान्य आहे. शिवेवरही असायचं. आमच्या गावचा एक पंच नेमका तिथं गेल्यावर खोकायला लागायचा, म्हणजे विचार करायला वेळ मिळे. पण मला विचाराल तर या भेटींना पुढं चांगले दिवस आहेत. एक तर दोघांनी मिळून भोवती इतके काटे पेरून ठेवलेत की अनवाणी उठून जायची आता कुणाची छाती नाही. हळूहळू खुर्च्या वाढतील, धाकट्या देशांना बोलवावं लागेल, हरलेल्यांना बोलवावं लागेल, एखाद दिवशी ज्यांची पोरं लढतात त्यांनाही. वेळ लागेल. मी मामंजींएवढी धीराची नाही, तरी मला हे होईल असं वाटतं.

आणि फोन असताना भेटायचं कशाला, याचं उत्तर मला पेपरातून किंवा टीव्हीवरून मिळालं नाही. ते मला त्या पावसाळ्यानंतरच्या संक्रांतीला आमच्या अंगणात मिळालं.

भोगीचा दिवस होता. मी बाजरीची भाकरी थापत होते, आणि ओढ्याकडून हे चालत आले. खांद्यावर लोखंडी पेटी, अंगावर खाकी कोट. आत्याबाईंनी पेटी खाली ठेवायलासुद्धा अवसर दिला नाही. हात चाचपले, बोटं मोजली, खाली बसून पाय धरले. सगळं जागच्या जागी होतं. त्या एकाच वेळी रडत होत्या आणि हसत होत्या. मी चुलीपासून उठून दाराआड उभी, हाताला पीठ.

मामंजींनी विचारलं, "वाटंनं तरास न्हाय ना झाला?" हे बैलांकडं बघत होते, त्यांनी उत्तर दिलं नाही. मामंजींनी पुन्हा विचारलं. आत्याबाईंनी पाठीमागून हाक मारली, तरी मान वळली नाही. मग मामंजी उठून त्यांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले, तेव्हा हे त्यांच्या तोंडाकडं बघून म्हणाले, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाले की वळचणीची चिमणी उडाली, "आबा, समोर ऱ्हाऊन बोला. तोफेपाशी हुतो. दोन्ही कान गेले. तोंड दिसलं की कळतंय."

त्या काळी सून मोठ्यांसमोर नवऱ्याशी बोलत नसे. काही सांगायचं तर दाराआडून, भिंतीला सांगितल्यासारखं, अर्ध्या आवाजात. तसं मी काहीही बोलले असते तरी या माणसापर्यंत ते आता जन्मात पोचणार नव्हतं. हे मला कळलं, आणि माझ्या आधी ते मामंजींना कळलं. ते दाराकडं वळून म्हणाले, "सूनबाई, भाईर ये. त्याच्या म्होरं बस. आमची लाज धरू नको."

मी आले. हातभर अंतरावर जमिनीवर बसले. चार वर्षांत भर उजेडात मी ह्यांच्या चेहऱ्याकडं सरळ पाहिलं नव्हतं. इतके दिवस मनाशी घोकलेलं गोड काही आठवेना. आला तो रागच.

"पत्र का न्हाय धाडलं?"

ह्यांना कळलं नाही. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा शेजारच्या बायका गडग्यापाशी येऊन उभ्या होत्या. त्या वेळी ह्यांना कळलं. ह्यांना आपला आवाज किती मोठा आहे ते समजत नव्हतं, त्यामुळं पुढचं सगळं अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

"काय लिवणार? बहिरा नवरा चालंल का, हे पत्रातनं विचारायचं व्हय? तू चालंल म्हणून धाडलं असतंस. पर मनापासनं म्हणलीस का भिऊन, हे कागदात कसं दिसणार? म्हणून तोंडावर विचारायला आलो. न्हाय म्हणलीस तरी माझा राग न्हाय."

मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं, ह्यांना दिसलं असतं. पण ते माझ्या तोंडाकडं ज्या नजरेनं बघत होते त्या नजरेनं तोवर माझ्याकडं कुणी बघितलं नव्हतं. मी पिठाच्या हातानंच पदर मागं सारला आणि मोठ्यानं म्हणाले, "चालंल."

ह्यांना कळलं होतं, ते मला समोर दिसत होतं. तरी म्हणाले, "परत म्हण." मी परत म्हणाले.